रस्ता मोकळा, पण पाटी गायब : मोठ्या बाजाराच्या नेटवर्कसाठी डीएनएस कोणते घ्यावे?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली, हे वाचकांना आठवत असेल. त्याआधी याच रस्त्याने कापडाच्या गाठी नेता-आणताना आम्ही किती वर्षे धक्के खाल्ले, ते आमच्या कंबरेला विचारावे. आता समजा, या गुळगुळीत रस्त्यावरच्या बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशा सगळ्या पाट्या कोणी रातोरात काढून नेल्या. रस्ता तोच, गाडी तीच, टाकीत डिझेलही भरपूर. पण परमुलखातला ड्रायव्हर माल घेऊन फाट्यावर उभाच राहील. कॉम्प्युटरच्या जाळ्यातही असे होते. आमच्या बाजारात ते झाले, म्हणून हा लेख.

ईदच्या आधीचा शनिवार

२०२३ सालची गोष्ट. रमजान ईद आठवड्यावर आलेली. आमच्या घाऊक बाजारात तीनशेच्या वर दुकाने, आणि सर्वांचे मिळून एकच नेटवर्क. बिलिंग, मालसाठ्याचा हिशेब, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, सगळे त्याच्यावर. सकाळी दुकाने उघडली आणि एकाही कॉम्प्युटरवर काही उघडेना. लाइनवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, 'लाइन चालू आहे, दिवा हिरवा आहे.' दिवा हिरवाच होता. ज्यांच्या खिशातल्या फोनला स्वतःचे सिमकार्डाचे इंटरनेट होते, त्यांचे फोनही चालत होते. फक्त बाजाराच्या जाळ्यावरचे सगळे ठप्प.

ई-वे बिल निघेना म्हणून दोन ट्रक भरून उभे राहिले. नागपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि माल दुसरीकडून उचलला. ते नुकसान धंद्यातले. धंद्यात चढउतार असतोच. पण शनिवार म्हणजे कारीगरांच्या मजुरीचा दिवस. घरी बसून फॉल-पिको आणि टिकली-जरीचे काम करणाऱ्या बाया संध्याकाळी हिशेबाला येतात. कोणत्या बाईचे किती नग झाले, हा हिशेबही त्याच कॉम्प्युटरात अडकलेला. एका बाईने आम्हाला विचारले, 'भाईसाब, लाइन बंद तो ईद भी बंद क्या?' आमच्याजवळ उत्तर नव्हते. शेजारच्या पेढीवरून रोख उसनी घेतली आणि तिच्या वहीवर विश्वास ठेवून पैसे दिले. सुदैवाने तिची वही आमच्या कॉम्प्युटरपेक्षा पक्की होती.

आमचा भाचा कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. तो जोहरनंतर आला, काउंटरवर बसला आणि त्याने एक साधी तपासणी केली. आधी इंटरनेटवरच्या एका सर्व्हरचा नंबर टाकून हाक मारली, उत्तर आले. मग तीच हाक नाव टाकून मारली, उत्तर नाही. तो म्हणाला, 'मामू, रस्ता चालू आहे. पाटी पडली आहे. तुमचे डीएनएस बसले.'

हमाल आणि रजिस्टर

इंटरनेटवर प्रत्येक मशीनचा एक नंबर असतो. माणसाला नंबर लक्षात राहत नाही, नाव राहते. नावावरून नंबर सांगण्याची जी व्यवस्था, ती डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएस. १९८३ पूर्वी ही सगळी नावे एकाच यादीत असत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती यादी ठेवली जाई आणि सगळे तिची नक्कल उतरवून नेत. मशीन वाढली, तशी ती वही पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी एका वहीची अनेक वह्या करण्याची आणि ज्याचे नाव त्याने त्याची वही सांभाळण्याची पद्धत आखली. तीच आजही चालू आहे. आपल्या देशाच्या 'डॉट इन' नावांचे काम सुरुवातीची बरीच वर्षे मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होते. २००५ साली 'निक्सी'च्या रजिस्ट्रीमार्फत ही नावे सर्वांसाठी खुली झाली.

या व्यवस्थेत दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि सगळी गफलत ती एक समजल्याने होते. बाजाराच्या ऑफिसात एक रजिस्टर असते : अमुक शेठ, गाळा नंबर अमुक. हे मालकाचे अधिकृत रजिस्टर. बाहेरच्या जगाने आपल्या बाजाराचे नाव विचारले तर उत्तर देणारा तो अधिकृत सर्व्हर. दुसरा माणूस फाटकावरचा हमाल. गिऱ्हाईक त्याला कोणाचेही नाव विचारते. त्याला माहीत असेल तर तो लगेच सांगतो; नसेल तर चार ठिकाणी विचारून येतो, सांगतो आणि पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतो. हा शोधक सर्व्हर, ज्याला रिझॉल्व्हर म्हणतात. आपल्या दुकानातला कॉम्प्युटर बँकेचे नाव विचारतो ते या हमालाला. उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचे तेही रजिस्टरचा मालकच ठरवतो, जसा आपण भाव सांगताना 'आज संध्याकाळपर्यंत' म्हणतो.

आमच्या बाजारात काय चुकले होते? २०१९ साली समितीपुढे तीन कोटेशन आली. सर्वांत स्वस्त कोटेशनवाल्याने रजिस्टर आणि हमाल ही दोन्ही कामे एकाच मशीनवर, एकाच सॉफ्टवेअरवर टाकली. नियमाप्रमाणे दोन सर्व्हरची नावे लिहायची असतात. त्याने दोन नावे लिहिली, पण ती दोन्ही त्याच एका पेटीची. वर हमालाला बाहेरच्या जगासाठीही खुले ठेवले. कोणीही यावे, काहीही विचारावे. अशा खुल्या सर्व्हरचा वापर भामटे लोक तिसऱ्याच माणसावर मारा करण्यासाठी करतात. त्या शनिवारी आमचा हमाल परक्यांच्या खोट्या प्रश्नांखाली दबून गेला आणि घरच्या गिऱ्हाइकांना उत्तर देईना. चार वर्षांत त्या सॉफ्टवेअरची एकही नवी आवृत्ती घातली नव्हती. पासवर्ड ज्या मुलाजवळ होता तो कधीच पुण्याला निघून गेला होता. त्या कोटेशनवर समितीतर्फे सही आमची होती. कापड हातात घेतले की आम्ही सूत ओळखतो. हे न पारखता घेतले.

त्या दिवशी भाच्याने काउंटरच्या कॉम्प्युटरला बाहेरचा एक फुकट चालणारा शोधक लावून दिला आणि पाच मिनिटांत बँक उघडली. आम्ही म्हटले, 'बेटा, मग हेच कायम ठेवू.' तो म्हणाला, 'मामू, बाहेरच्या हमालाला तुमच्या गोदामातल्या साठ्याच्या मशीनचे नाव कसे माहीत असणार?' खरेच, बँक उघडली तरी साठ्याचा हिशेब उघडला नाही. चार दुकानांना बाहेरचा शोधक पुरतो. मोठ्या नेटवर्कला स्वतःचा लागतो.

बाजारात माल कोणता आहे?

पुढचे दोन महिने आम्ही, भाचा आणि समितीचे आणखी दोघे या विषयाच्या मागे लागलो. चांगली बातमी अशी की, या कामाची उत्तमोत्तम सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पैसा लागतो तो मशीनला आणि माणसाला.

सर्वांत जुने आणि सर्वांत माहितीतले म्हणजे बाइंड. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या बर्कले विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले. आजची नववी मालिका २००० सालापासून चालू आहे. रजिस्टर आणि हमाल ही दोन्ही कामे ते करते. पुस्तके त्याच्यावर, जाणकार मुलेही त्याचीच सापडतात. उणे बाजू म्हणजे पसारा मोठा, म्हणून दुरुस्तीच्या सूचना वारंवार येतात आणि त्या वेळेवर घालाव्या लागतात. जुलै २०१५ मध्ये त्यात असा दोष सापडला की, बाहेरून आलेल्या एकाच खोडसाळ निरोपाने बाइंडचा सर्व्हर, मग तो कोणत्याही कामाचा असो, बंद पडू शकत असे.

नेदरलँडमधल्या एनएलनेट लॅब्ज या संस्थेची दोन सॉफ्टवेअर आहेत आणि त्यांनी कामे मुळातच वेगळी केली आहेत. एनएसडी फक्त रजिस्टर सांभाळते, अनबाउंड फक्त हमाली करते. अनबाउंड २००८ साली खुले झाले. दोन्ही आटोपशीर, आणि साध्या मशीनवरही दर सेकंदाला हजारो प्रश्नांना उत्तर देतात.

पॉवरडीएनएस हेही नेदरलँडचेच. त्यात नावे डेटाबेसमध्ये ठेवता येतात, म्हणून जिथे रोज शेकडो नावे घालायची-काढायची असतात तिथे ते सोयीचे. त्याचा हमाल वेगळा मिळतो. चेक देशाची डॉट सीझेड नावे सांभाळणाऱ्या संस्थेचे नॉट हे आणखी एक. त्यातही रजिस्टर आणि शोधक वेगवेगळे.

ज्या ऑफिसात मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरवर सगळ्यांचे लॉगिन चालते, तिथे त्याचे स्वतःचे डीएनएस आतल्या नावांसाठी ठेवणेच शहाणपणाचे. मात्र बाहेरचे प्रश्न त्याने दुसऱ्या शोधकाकडे सोपवावेत आणि त्याला बाहेरच्या जगासमोर बसवू नये. जुलै २०२० मध्ये त्यात जो मोठा दोष उघड झाला, तो १७ वर्षे आत दडून बसला होता.

सगळे एकाच थानाचे कापू नका

कापडवाल्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : सगळा माल एकाच मिलचा घेतला आणि रंग कच्चा निघाला, तर अख्खा सीझन गेला. डीएनएसच्या जगातल्या मोठ्या माणसांनीही हेच केले. सगळ्या इंटरनेटच्या मुळाशी १३ नावांचे मूळ सर्व्हर आहेत. बारा संस्था ते चालवतात आणि त्यांच्या प्रती जगभर दीड हजाराहून अधिक ठिकाणी आहेत. एके काळी या सर्वांवर बाइंडच होते. २००३ साली त्यातल्या 'के' सर्व्हरने मुद्दाम एनएसडी घेतले. बाइंड वाईट म्हणून नव्हे. एकाच दोषाने सगळे एकदम बसू नयेत म्हणून. २०१५ चा वर सांगितलेला दोष एनएसडी आणि अनबाउंडमध्ये नव्हता, त्यावरून या शहाणपणाची किंमत कळते.

पण वेगवेगळी मिल घेतली म्हणजे निश्चिंत झोपावे असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'कीट्रॅप' नावाचा दोष जाहीर झाला. तो सही तपासण्याच्या नियमातच होता, म्हणून बाइंड, अनबाउंड, पॉवरडीएनएस, नॉट, मायक्रोसॉफ्ट, सगळ्यांच्या शोधकांना त्याची बाधा होती. सर्वांनी लगोलग दुरुस्ती काढली. ज्यांनी ती घातली ते वाचले. म्हणजे सॉफ्टवेअर निवडणे अर्धे काम. ते ताजे ठेवणे उरलेले अर्धे.

आणि सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी सर्व सर्व्हर एकाच वाटेवर बसवले तर उपयोग नाही. सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅप आणि फेसबुक जगभर बंद पडले, ते पहाटेपर्यंत. आमच्या कित्येक बांधवांच्या ऑर्डरी त्या रात्री अडकल्या. त्या कंपनीच्या अंतर्गत जाळ्याची जोडणी एका चुकीच्या हुकुमाने तुटली, आणि त्यापाठोपाठ तिच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटाच इंटरनेटवरून नाहीशा झाल्या. सर्व्हर जिवंत होते, पण त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हते. एवढ्या मोठ्या पेढीचे हे झाले, तर तुमच्या-आमच्या बाजाराने एका खोलीत, एका विजेच्या जोडणीवर दोन सर्व्हर ठेवून 'दोन आहेत' म्हणण्यात अर्थ नाही.

आम्ही काय घेतले

आमची गरज अशी : जाळ्यावर दोन हजारांच्या आसपास फोन-कॉम्प्युटर, पण स्वतःची नावे जेमतेम चाळीस. म्हणून डेटाबेसवाल्या सॉफ्टवेअरची गरज नव्हती. हमालीसाठी अनबाउंड घेतले, दोन मशीनवर. बाजाराच्या दोन टोकांना, वेगळ्या वीजजोडणीवर आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनवर. ते फक्त बाजारातल्या दुकानांना उत्तर देतात; बाहेरच्याला दार बंद. गोदामाच्या मशीनची नावेही त्यांना सांगून ठेवली आहेत. रजिस्टरसाठी मूळ प्रत बाइंडवर, कारण आमच्याकडच्या मुलांना ते येते. पण ती मूळ प्रत बाहेर दिसत नाही. बाहेरच्या जगाला उत्तर देतात एनएसडीच्या दोन नकला : एक अमरावतीला, दुसरी पार परगावी भाड्याच्या सर्व्हरवर. मूळ प्रत बंद पडली तरी नकला काही दिवस उत्तर देत राहतात.

समितीत एकाने विचारले, 'हमालाला काही नावे न सांगायला शिकवता येते का?' येते. फसवणुकीसाठी उभी केलेली जी नावे कळतात, त्यांची यादी बाइंड, अनबाउंड आणि पॉवरडीएनएस या तिन्हींच्या शोधकांना देता येते. मग ते नाव कोणी टाइप केले तरी पत्ता मिळत नाही. खोट्या बँकेच्या नावाने लिंक पाठवून लुटण्याचे प्रकार आपल्या लोकांत किती झाले आहेत, ते सांगायला नको. याच कारणाने रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना, त्यात आपल्या नागरी व जिल्हा सहकारी बँकाही आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या नावावर येण्यास सांगितले. हे नाव देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेला असल्याने ते भामट्याला विकत घेता येत नाही. बाजारात बसलेल्या माणसाने बँकेच्या पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय लावून घ्यावी.

उर्दू आणि मराठी पाट्या लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. देवनागरीतले 'डॉट भारत' २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि उर्दू लिपीतही ते आहे. हे सॉफ्टवेअर ती नावे घेते का? घेते. सर्व्हरच्या पोटात असे नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात साठवले जाते, म्हणून वर सांगितलेल्यांपैकी कोणतेही चालते. अडचण येते ती काही जुन्या ईमेल आणि फॉर्मच्या प्रोग्रॅमना. म्हणून आम्ही इंग्रजी नाव ठेवले आणि मराठी नाव जोडीला घेतले.

माणूस आणि चावी

एवढ्या खटपटीनंतर आमचे मत असे झाले आहे की, 'कोणते सॉफ्टवेअर' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, रात्री दोन वाजता ते उठवणार कोण? उत्तम माल आणला आणि गावात त्याचा कारीगर नसेल तर तो माल पडून राहतो. अकोला-अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून आपली मुले दरवर्षी बाहेर पडतात. त्यांतल्या दोघांना बाजाराने ठरलेल्या महिन्याच्या पैशावर हे काम दिले आहे. एकाला नाही, दोघांना. आणि सगळे लिहून ठेवण्याच्या अटीवर. पासवर्ड बंद पाकिटात समितीच्या तिजोरीत असतो. नावाची नोंदणी बाजाराच्या स्वतःच्या नावावर आहे, सर्व्हर लावून देणाऱ्याच्या नावावर नाही. ही सर्वांची अमानत आहे. एका माणसाच्या खिशात ती राहू नये.

नांदगाव पेठच्या औद्योगिक परिसरात पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होणार आहे. सुमारे एक हजार एकरांच्या या पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. तिथे गाळे, कारखाने, गोदामे आली की मोठे जाळे येईल. आपल्यातले जे तिथे जातील, त्यांनी सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. रजिस्टर आणि शोधक वेगळे आहेत काय? दोन सर्व्हर खरोखर दोन जागी, दोन लाइनवर आहेत काय? शोधक बाहेरच्यांना बंद आहे काय? दुरुस्त्या कोण, किती दिवसांत घालणार? आणि नाव कोणाच्या मालकीचे?

ज्यांचे जाळे आधीच चालू आहे, त्यांनी वाट पाहू नये. एखाद्या शांत दिवशी दुपारी आपल्या माणसाला समोर बसवून एक डीएनएस सर्व्हर मुद्दाम बंद करायला लावावा आणि बिल निघते का ते पाहावे. आम्ही आता दर तीन महिन्यांनी हे करतो. मागच्या खेपेला बिल निघाले, फक्त एका दुकानाचे नाही; त्याच्या कॉम्प्युटरमध्ये अजून जुन्या पेटीचाच नंबर राहून गेला होता. तो त्याच दुपारी बदलला.